‘अजून एक कागद रवलो’: कोकणातल्या सरकारी कामांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या वेगवेगळ्या तहसील कार्यालयांत मी ३१ वर्षं काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आता शनिवारी सकाळी गावच्या वाचनालयात पेपर वाचायला जातो. पेपर उघडेपर्यंत समोर कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभं असतं. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नव्हे. कोर्टात गेलेल्या भांडणाला इथली उत्तरं लावू नका.

लालफीत म्हणतात ती नक्की असते कुठे?

पूर्वी ती खरोखरच दिसायची. मी नोकरीला लागलो तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात बांधलेले गठ्ठे होते. पावसाळ्यात त्यांना बुरशीचा वास सुटायचा. जुना फेरफार (जमिनीच्या नावातल्या बदलाची नोंद) काढायचा तर शिपाई शिडीवर चढायचा आणि शिंकत खाली यायचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. तेव्हा बांधाबांधीची आवड आपल्याकडे जुनीच आहे.

आता फाइल संगणकात गेली, कापड गेलं. राहिली ती फीत वेगळी: नियमात नसलेला, पण खिडकीवर हमखास मागितला जाणारा कागद. ‘सगळा बरा असा, पण अजून एक कागद रवलो’ (राहिला) हे वाक्य कोकणात कुणी ऐकलं नसेल तर त्याचं सरकारात काम पडलेलं नाही.

तो कागद का मागतात हे खिडकीच्या आतून बघितलेला माणूस म्हणून सांगतो. दर वेळी पैशासाठी मागतात असं नाही. जादा कागद हे कारकुनाचं इरलं आहे. उद्या तपासणी आली, लेखापरीक्षणात मुद्दा निघाला, तर अंगावर थेंब पडू नये म्हणून तो आधीच डोक्यावर घेतो. कागद कमी घेतला म्हणून ठपका बसलेले मी पाहिले आहेत, जास्त घेतला म्हणून नोटीस आलेला एकही पाहिला नाही. मीही हे केलं आहे. एक म्हातारी डोंगरावरच्या वाडीतून तीनदा उतरली, कारण तिच्या अर्जाला रेशनकार्डाची प्रत हवी असं मी सांगत राहिलो. ती प्रत त्या दाखल्याच्या यादीत नव्हतीच. यादी मी नंतर वाचली.

पण नियम खरंच कमी झालेत की नुसत्या घोषणा?

झालेत. आणि हा उद्योग कालचा नाही. १९८०च्या दशकात अनिलकुमार लखीना अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी टेबलांची मांडणी, कागदांची वर्गवारी, नागरिकांसाठी माहिती असं सगळं बदललं. त्याला ‘लखीना पॅटर्न’ नाव पडलं आणि आम्हा नव्या कारकुनांना प्रशिक्षणात तो शिकवला गेला. पुढे चंद्रकांत दळवी पुणे विभागाचे आयुक्त असताना ‘झिरो पेन्डन्सी’, म्हणजे एकही काम थकीत न ठेवायची मोहीम आली. टेबलावरचे कागद सहा प्रकारांत लावायची सहा गठ्ठे पद्धत तर आमच्या हाडीमांसी खिळली होती. मधे २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या, आणि कागद संगणकात घेण्याची घाई सुरू झाली. शहाणपण आगीनंतर आलं, पण आलं.

गेल्या दहा-बारा वर्षांत तुमच्याआमच्या उपयोगाचं जे झालं त्यात दोन गोष्टी मोठ्या. ९ मार्च २०१५ चा स्वयंघोषणापत्राचा (प्रतिज्ञापत्राऐवजी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचा) शासन निर्णय ही एक, आणि त्याच वर्षीचा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम ही दुसरी. धंद्याच्या बाजूला २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला. १० पेक्षा कमी (२०२५ पासून २० पेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला त्यात नोंदणीची गरज उरली नाही, ऑनलाइन कळवलं की झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये हॉटेल आणि पर्यटन धंद्यासाठी लागणारे ७० परवाने १० वर आणण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. मोठ्या उद्योगांसाठी ‘मैत्री’ ही एक खिडकी आहे, २०२३ मध्ये तिला कायद्याचं बळही मिळालं.

माझं मत विचाराल तर मुंबईत नियम कापला जातो, तो तालुक्याला पोचेपर्यंत दोन पावसाळे जातात. घाटातून एसटीने येतो बहुधा.

दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प लागतो का?

नाही. जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रीमीलेअर असल्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. तरी लोक १०० रुपयांचा स्टॅम्प घेत राहिले, कारण बाहेर बसलेला टंकलेखक घ्या म्हणायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक १०० वरून ५०० झाला आणि ओरड सुरू झाली. मग मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही माफी पुन्हा स्पष्ट केली. वीस वर्षं माफ असलेलं पुन्हा माफ करावं लागलं, यात सगळी गोष्ट आली.

खरेदीखत, करारनामा, भाडेकरार यांचं मुद्रांक शुल्क वेगळं आहे, त्याची गल्लत करू नका.

झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का?

२०१५ च्या त्याच शासन निर्णयाने गेला. प्रतीवर स्वतःची सही करायची, ‘स्वसाक्षांकित’ लिहायचं. मूळ कागद पडताळणीला जवळ ठेवायचा. हेडमास्तरांच्या दारात उभं राहायचे दिवस संपले.

सातबारा तलाठ्याकडूनच घ्यावा लागतो का? बँक ‘सही-शिक्क्याचा’ मागते.

आधी एक सांगतो: तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहेत, २०२४ पासून. पाटी बदलली, लोक तलाठीच म्हणतात, मीही म्हणतो.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो. महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपये भरले की घरबसल्या निघतो. त्यावर तपासणीचा क्रमांक असतो, तो टाकून बँक स्वतः खरंखोटं पाहू शकते. शाई आणि शिक्का मागणाऱ्या बँकेला तो क्रमांक दाखवा आणि ‘हा का चालत नाही ते लिहून द्या’ म्हणा. लिहून द्या म्हटल्यावर बहुतेक वेळा चालतो.

फुकट दिसणारा विनास्वाक्षरीचा सातबारा फक्त माहितीसाठी आहे. तो घेऊन कर्जाला गेलात तर बँक बरोबर आहे, तुम्ही चूक.

आजोबा वारून ४० वर्षं झाली. सातबारावर अजून तेच आहेत. काय करू?

शनिवारचा निम्मा वेळ या एका प्रश्नात जातो. कोकणातल्या सातबारावर जितके जिवंत तितकेच मेलेले. ज्याचं घर गिरगाव-लालबागहून डोंबिवली-विरारला सरकलं, त्याने गावच्या पाच गुंठ्यांची नोंद ‘बघू गणपतीत’ म्हणून ठेवली आणि त्या गणपतीला तीन पिढ्या झाल्या.

पहिला गैरसमज: सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. नाही लागत. वारस नोंदीचा अर्ज एक वारससुद्धा करू शकतो. मात्र त्याने सगळ्या वारसांची नावं दिली पाहिजेत, बहिणींची आणि आत्यांचीही. ‘तिचं लग्न झालं, तिचा काय संबंध’ हे वाक्य माझ्यासमोर किती वेळा आलं, त्याला मोज नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देते. तिला नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. तोंडी ‘सोडलंय’ सातबारावर चढत नाही. नाव गाळलंत तर ती आज गप्प बसेल, तिचा मुलगा बसणार नाही.

दुसरा गैरसमज: कोर्टाचा वारस दाखला हवाच. वाद नसेल तर नको. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणा आणि स्थानिक चौकशी यावर नोंद होते. अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून मुंबईत बसूनही करता येतो. तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि मग सुनावण्या.

आता कोकणातली खरी अडचण, जी कुठल्याच शासन निर्णयात नसते. सातबारावर ‘राघो बिन धोंडू’ (धोंडूचा मुलगा राघो) एवढंच आहे, मृत्यूच्या दाखल्यावर आडनाव आहे, आणि मुंबईच्या शाळेत घातलेलं आडनाव तिसरंच. एकाच भावकीत निम्मे गावकर आणि निम्मे गावाच्या नावाचे. इथे कारकून अडतो आणि त्याचं अडणं अगदीच चुकीचं नसतं. यावर उपाय म्हणजे जुने फेरफार काढणं. आजोबांचं नाव सातबारावर कोणत्या फेरफाराने आलं तो क्रमांक सातबारावरच असतो. त्या फेरफारात त्यांच्या बापाचं, भावांचं नाव मिळतं आणि साखळी जुळते. सोबत शाळेचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नुसती अक्षराची चूक असेल, ‘बाळा’चं ‘बाळू’ झालेलं, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून तहसीलदार दुरुस्त करतात.

मृत्यूची नोंदच झाली नसेल तर आधी ती. एक वर्षाहून जुन्या मृत्यूच्या नोंदीला पूर्वी न्यायालयाचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आहे.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली, बुलढाण्यातल्या प्रयोगावरून. मोहिमेच्या निमित्ताने तलाठी स्वतः वाडीवर आला. ज्यांनी तेव्हा चहा पाजून परत पाठवला, ते आता वाचनालयात येतात.

वारस नोंद झाली, म्हणजे माझा हिस्सा वेगळा झाला ना?

नाही! वारस नोंदीने नाव लागतं, जागा ठरत नाही. सामाईक खातं सामाईकच राहतं. वेगळं व्हायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी. मग संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज किंवा नोंदणीकृत वाटपपत्र. शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मे २०२५ मध्ये झाला, तेव्हा खर्चाचं कारण बरंच कमी झालं. संमती मात्र सरकार माफ करू शकत नाही. आंब्याच्या एका कलमी झाडासाठी दिवाणी कोर्टात वीस वर्षं घालवणारे सख्खे भाऊ मी पाहिलेत. तिथे लालफीत कुठे होती?

अर्ज दिला, दिवस उलटले, दाखला नाही. पुढे काय?

इथे लोकसेवा हक्क कायदा कामाला येतो. खातंवार सेवांची यादी, प्रत्येक सेवेला किती दिवस, कोण देणार, अपील कुणाकडे, हे अधिसूचित आहे आणि कार्यालयात फलकावर लावलंच पाहिजे. उदाहरणार्थ उत्पन्नाचा आणि वय-अधिवासाचा दाखला १५ दिवसांत. फलक बहुधा दरवाजामागे किंवा कपाटाआड असतो. दार लोटून बघा.

क्रम असा. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तिच्यावर अर्ज क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. ही पोच नसेल तर पुढचं काहीच चालत नाही. मुदत संपली किंवा नकार आला, की ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. तिथेही न्याय नाही मिळाला तर दुसरं अपील. ते आदेशापासून ३० दिवसांत, किंवा आदेशच आला नाही तर पहिलं अपील केल्यापासून ४५ दिवस थांबून. तिसरं अपील ६० दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना सेवा दिली नाही असं ठरलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होतो. रक्कम ऐकून लोक हसतात. पण तो दंड स्वतःच्या खिशातून जातो आणि सेवेत नोंद राहते. त्या नोंदीला माणूस भितो, पाचशेला नाही.

अपील करायला घाबरू नका. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून घरी बसून होतं. आणि माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त प्रकरणांत अपील दाखल झाल्याचा निरोप खाली आला, की दाखला दुसऱ्या दिवशी तयार असतो. तो आधीपासूनच तयार असतो खरं तर, सहीला राहिलेला.

एक महत्त्वाचं: नकार द्यायचा तर तो लेखी आणि कारणासह द्यावा लागतो. ‘साहेब नाय, सोमवारी येवा’ हा नकार नव्हे. ‘येवा, कोकण आपलाच असा’ म्हणणाऱ्या मुलखात ‘येवा’चा हा उपयोग बघून मला नेहमी वाईट वाटतं.

माझं काम त्या यादीतच नाही. मग?

मग दप्तर दिरंगाईचा कायदा. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबाला प्रतिबंध असं त्याचं लांबलचक नाव, साल २००५. कलम १० म्हणतं की कुठलीही फाइल कुणा कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या खात्याकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत निकाल लागावा. सोबत माहितीचा अधिकार: १० रुपयांच्या अर्जावर ‘माझी फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती’ एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या प्रश्नाइतका आमच्या कार्यालयात दुसऱ्या कशाचा धाक नव्हता.

अर्ज हातातच घेत नाहीत.

आवक टपालात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तेही नाही झालं तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. भांडू नका. भांडणाची पोच मिळत नाही.

घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत. किती परवाने?

घाबरवतात तितके नाहीत. ग्रामपंचायतीला कळवा आणि पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी म्हणून नोंदणी करा. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, हे बहुतेक जण विसरतात आणि मग पोलिसांचा फोन येतो.

घर समुद्राजवळ असेल तरी होमस्टे चालतो. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत स्थानिक रहिवासी आणि मच्छीमार यांना त्याची मुभा आहे. अट एवढीच की असलेल्या घराचा पाया, रचना, दर्शनी रूप बदलायचं नाही. म्हणजे पडवीत पाहुणे ठेवा, पडवीवर मजला चढवू नका.

शॅकचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा उपाहारगृहाचा प्रकार वेगळा. २०२० च्या धोरणात आठ किनारे निवडले होते: गुहागर, आरेवारे, कुणकेश्वर, तारकर्ली, वरसोली, दिवेआगर, केळवा, बोर्डी. तुमचा किनारा त्यात नसेल तर ‘तिकडे चालतं मग इथे का नाही’ हा युक्तिवाद उपयोगाचा नाही.

समुद्राजवळ वडिलोपार्जित जागेत घर बांधायचं आहे. सीआरझेडवाले छळतात.

इथे मी तुमच्या बाजूने पूर्ण उभा राहणार नाही, आधीच सांगतो.

सीआरझेड म्हणजे तोच सागरी किनारा नियमनाचा नियम. तो केंद्राचा, राज्याने कापावा म्हटलं तरी त्याला कापता येत नाही. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तो बराच सैल केला आहे. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं असतील तिथे, बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटर. बाकी ग्रामीण किनाऱ्यावर तो २०० मीटरच आहे. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली बहुतेक गावं विरळ वस्तीची, त्यामुळे सैलपणाचा फायदा आपल्याला कमी आणि मुंबईच्या बाजूला जास्त.

सोय मात्र एक झाली. जिथे बांधकामाला मुभा आहे तिथे स्वतःच्या राहण्याचं घर ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक प्राधिकरणच परवानगी देतं. तरी गावोगाव लोकांना ‘मुंबईहून आणा’ सांगून परत पाठवलेलं मी ऐकतो. ही लालफीत, तिच्याशी भांडा. २०० मीटरच्या रेषेशी भांडू नका. दर पावसाळ्यात सुरूच्या आणि माडाच्या रांगा कुठवर समुद्रात गेल्या ते तुम्हीच मला दाखवता.

किनाऱ्यापासून लांब असाल तर गोष्ट सोपी. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा आराखडा आणि शुल्क जोडून सूचना दिली, की तिची पावती हीच परवानगी. ३०० पर्यंत परवानाधारक अभियंत्याच्या दाखल्यावर काम होतं. नियमावली तुमच्या गावाला लागू आहे ना, गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील यादीत नाही ना, हे नगररचना कार्यालयात आधी विचारा.

आंबापोळी, आगळ, कुळथाचं पीठ विकते. घरातूनच.

ताई, तुम्हाला मोठा परवाना नको, अन्नसुरक्षेची नोंदणी पुरते. छोट्या उद्योगाला वर्षाला १०० रुपये. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारसारखी दिसतात, सरकारी नसतात. आणि वेष्टनावर ‘हापूस’ लिहिताना जपून. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवणं तुमच्याच फायद्याचं. कर्नाटकी आंब्यावर आपलं नाव लावणाऱ्याशी भांडताना तोच कागद लागेल.

आम्ही दर्यावर जाणारे. एका होडीला इतके कागद का?

नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, विमा, खलाशांची ओळखपत्रं, आणि डिझेलच्या परताव्यासाठी पुन्हा तीच सगळी. कागद एकेक बघितला तर प्रत्येकाला कारण आहे. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर ओळखपत्र मागू नये असं कोण म्हणेल? पण तेच कागद चार कार्यालयांना चारदा द्यायचे, याला कारण नाही. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात होड्या शाकारलेल्या असतात, माणसं घरात असतात. नूतनीकरणाची कामं तेव्हाच उरका. नारळी पुनवेनंतर कार्यालयात तुम्ही दिसणार नाही आणि दिसूही नये.

एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारखी वागणूक मिळावी असा त्याचा अर्थ. बँकेत जाताना त्या शासन निर्णयाची प्रत घेऊन जा. प्रत्येक शासन निर्णयाला तारीख आणि संगणक सांकेतांक असतो, राज्याच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. मोबाइलमध्ये ठेवा. ‘मी ऐकलंय’ म्हणणाऱ्याला खिडकीवर कुणी विचारत नाही, तारीख सांगणाऱ्याला खुर्ची देतात.

लोकशाही दिनाला जाऊन काही होतं का?

होतं, वैयक्तिक गाऱ्हाणं असेल तर. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यायचा. कोर्टात असलेली प्रकरणं आणि नोकरीच्या तक्रारी घेत नाहीत.

एजंटाला दिलं तर लवकर होतं, खरं ना?

खरं. ते खोटं म्हणालो तर तुम्ही हसाल. एजंट काय करतो? यादीप्रमाणे कागद लावतो, नीट क्रमाने, आणि पाठपुरावा करतो. एवढं तुम्ही केलंत तर तुमचंही लवकर होतं. सेतू म्हणा, आपले सरकार सेवा केंद्र म्हणा, तिथे दरफलक लावणं सक्तीचं आहे. फलकाइतके द्या आणि पावती घ्या. त्यापुढे कुणी ‘आत द्यावे लागतात’ म्हणालं तर लाचलुचपत विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४.

मुंबईहून गणपतीला येतोय. काय काय उरकता येईल?

हा प्रश्न श्रावणात सुरू होतो. खरं उत्तर: समोर जाऊन, फार काही नाही. चतुर्थीची सुट्टी, गौरी, मधे शनिवार-रविवार, आणि कार्यालयातला माणूसही आरतीलाच गेलेला. म्हणून अर्ज मुंबईतूनच आधी ऑनलाइन टाका, म्हणजे आरतीच्या दिवसांपर्यंत नोटिशीचे १५ दिवस संपलेले असतील. गावात आल्यावर फक्त ते करा जे मुंबईत होत नाही. सगळे हिस्सेदार एका घरात जमलेले असतात, असे दिवस वर्षात दुसरे नाहीत. वाटपाच्या संमतीवर, हक्कसोडपत्राच्या मसुद्यावर तेव्हाच बोला, मोदकानंतर, पत्ते वाटण्याआधी. बहिणींचे आधार क्रमांक आणि सध्याचे पत्ते तिथेच लिहून घ्या. आणि जुना माणूस कुणी असेल, ऐंशीच्या पुढचा, तर त्याला शेजारी बसवून विचारा की बांध कुठून कुठवर होता आणि ‘बिन धोंडू’ म्हणजे कोण. ते उत्तर कुठल्याच संकेतस्थळावर नाही, आणि पुढच्या गणपतीला तो माणूस असेल की नाही सांगता येत नाही.

वाचनालय त्या आठवड्यात बंद असतं. मीही भजनात असतो.